बटणांचं माझ्यावर सोडा

वेसाव्याला सासुरवाडीत लग्न निघालं की हरेश्वरला खुर्ची मिळायची. घडीची, लोखंडी, पाठीवर मंडपवाल्याचं नाव रंगवलेली. बाकीचे पुरुष मांडवाचे बांबू रोवायचे, पाण्याची पिंपं भरायचे, बर्फाच्या लाद्या फोडायचे. हरेश्वर बाह्या सरसावून उठला रे उठला, की त्याच्या सासूबाई, सोनूबाई, डोक्यावरची मासळीची पाटी न हलवता म्हणायच्या, "जावयबापू, तुमी बसा. तुमाला कशाला तरास?"

आता यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. जावयाला खुर्ची मिळत नाही म्हणून रुसवे झालेले आपण पाहिलेत. मिळते म्हणून कष्टी होणारा जावई हा एकटाच. पण त्या खुर्चीत मेख होती. हरेश्वर स्वतः मनोरीच्या कोळ्याचा मुलगा, आणि त्याला बोट लागायची. होडीत पाय ठेवला की किनारा सुटायच्या आधीच सकाळची न्याहारी समुद्राच्या हवाली. बापाने त्याला दोनदा नेऊन पाहिलं आणि मग निमूटपणे शाळेत घातलं. शिकून तो वांद्र्याच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक शाखेत लागला, अंधेरीला चार बंगल्याच्या बाजूला त्याने ब्लॉक घेतला, पंखा घेतला, टीव्ही घेतला. पण वेसाव्यात तो 'पंख्याखालचा जावई' तो तसाच राहिला. ती खुर्ची मानाची नव्हती, बिनकामाच्या माणसाची होती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तर धाकट्या मेहुण्याचं, चंदरचं, लग्न ठरलं आणि वेसाव्याला बैठक बसली. हळदीला घरातल्या सगळ्या पुरुषांनी एकाच ताग्यातले शर्ट घालायचे, ही त्या घरची रीत. यावेळी मोरपिशी टेरीकॉटचा तागा आणला होता आणि नाक्यावरच्या राजाराम टेलरने त्याचे वीसेक बुशशर्ट शिवूनही टाकले होते. सोनूबाई या शर्टांच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या, आणि त्याला कारण होतं भिंतीवरचा एक फोटो.

तो फोटो होता मंजुळेच्या, म्हणजे हरेश्वरच्या बायकोच्या, हळदीचा. घरातले झाडून सगळे पुरुष त्यात ओळीने उभे, घामाने निथळणारे, आणि एकूण एक शर्ट बेंबीपर्यंत उघडा. या घरातल्या माणसांना नाच अंगात आला की बटणं सोसत नाहीत, त्याला कोण काय करणार. फोटो पुढच्याच खोलीत होता, तेव्हा येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिकडे बघायचा. सोनूबाई त्याला पाणी द्यायच्या आधी खुलासा द्यायच्या, "घरान शर्ट हायेत हो. बटनापन हायेत."

"या टायमाला फोटो नीट पायजे," त्यांनी बैठकीत बजावलं. "माजी मानसा कपऱ्यातली दिसली पायजेत. नायतर मी मांडवान येनार नाय."

नेमका त्याच वेळी राजाराम टेलर कान खाजवत दारात आला. शर्ट तयार, काजंही झालीत, पण बटणं लावणारा कारागीर शिमग्याला गावी गेला तो पालखीबरोबर तिकडेच रमला. आता लग्नसराई, राजारामला स्वतःला मान वर करायला फुरसत नाही. शर्ट आणि बटणांची पुडी घेऊन जा आणि घरी लावून घ्या, असं त्याचं म्हणणं.

"बायका लावतील हातानं," सासरे म्हणाले. सासरे म्हणजे भिकाजी, अंगाने दांडगे, बोलायला कमी.

"बायकांना हात किती?" सोनूबाईंनी विचारलं. "त्या मासली बघतील का पापर बघतील का तुमच्या बटना बघतील?"

आणि तेव्हा खुर्चीतून आवाज आला, "बटणांचं माझ्यावर सोडा."

सगळी बैठक वळली. हरेश्वरला स्वतःलाही वळून बघावंसं वाटलं, कारण हे वाक्य आपण बोललो यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

"तुम्ही लावणार? हाताने?" चंदरने विचारलं.

"हाताने कशाला? मशीनवर. हल्ली बटणं मशीनवरच लावतात, चंदर."

सोनूबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पापलेट ताजं की बर्फातलं, हे कल्ला उचलून बघतात तसं पाहिलं. मग म्हणाल्या, "लावा."

परतीच्या बसमध्ये मंजुळा खिडकीबाहेर बघत बसली होती. डेपो गेला तेव्हा म्हणाली, "अहो, तुम्हाला मशीन चालवता येते?"

"घरी आहे ना मशीन."

"आहे. ती माझी आहे. आणि ती सरळ शिवते. बटण तिच्यावर लागत नाही."

"आजकाल सगळं लागतं," हरेश्वर म्हणाला. हे तो इतक्या ठामपणे म्हणाला की मंजुळा पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. दुसऱ्या दिवशी ती लग्नाच्या तयारीसाठी माहेरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "सुईत बोट घालू नका."

हरेश्वरने शब्द दिला होता तो अगदीच हवेत दिला नव्हता. अंधेरी स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे एक मनुष्य पायमशीनला बोटभर लांबीचं यंत्र अडकवून खटाखट बटणं लावताना त्याने पाहिला होता. तो माणूस लावता लावता बोलत होता, "साब, मशीन आपका, कमाल हमारा," आणि त्याच्या शर्टावर जागा नसेल तिथेही बटणं होती. हरेश्वरने ते यंत्र घेतलं. खोक्यात यंत्र, दोन स्क्रू, एक चपटी पत्र्याची पट्टी आणि सूचनांचा एक कागद निघाला. तो कागद कुठल्या भाषेत होता हे शेवटपर्यंत समजलं नाही, पण चित्रं स्वच्छ होती.

वरच्या मजल्यावर भीमराज राहायचा. टेलिफोन खात्यात होता, मूळचा अकोल्याकडचा. लोकांच्या घरचा टेलिफोन वगळता बाकी सगळ्या वस्तू दुरुस्त करायला त्याला मनापासून आवडायचं. मशीनवर काहीतरी चाललंय हे कळताच तो पक्कड घेऊनच खाली आला.

"सोपं आहे रे," त्याने यंत्र उलटंसुलटं करून जाहीर केलं. "ही सुई सरळ जाते. आपल्याला तिला डावीकडे-उजवीकडे न्यायचंय. म्हणजे सुई हलत नाही, कापड हलतं. समजलं?"

"नाही."

"मग तू पाय मार, मी बघतो."

हरेश्वरने पाय मारला. सुई पहिल्या भोकात गेली, वर आली, आणि दुसऱ्या वेळी थेट बटणावर आदळून तिचं टोक भीमराजच्या चष्म्याला लागून खाली पडलं. दुसऱ्या सुईने बटणाचे दोन तुकडे केले. तिसरी वाकडी झाली. सुयांची पुडी संपायला आली तेव्हा भीमराज म्हणाला, "तुझ्या पायात लय नाही, हरेश्वर. तू कोळी ना? नाचता येत नाही?" हे हरेश्वरला फार लागलं. नाचता येत नव्हतं असं नाही. खुर्चीत बसून कुणी नाचत नाही, इतकंच.

खरी चूक दुसऱ्या संध्याकाळी सापडली. मशीनचं टेबल डुगडुगत होतं म्हणून भीमराजने खोक्यातली ती चपटी पट्टी घडी करून पायाखाली सारली होती. आणि चित्र क्रमांक दोन म्हणत होतं, की कापड पुढे सरकवणारे जे दाते असतात, त्यांच्यावर हीच पट्टी बसवायची, नाहीतर कापड पुढे पळतं आणि सुई बटणावर बसते. पट्टी काढून हातोडीने सरळ केली, बसवली, आणि हरेश्वरने स्वतःच्या मापाचा मोरपिशी शर्ट घेतला. खट् खट् खट्. बटण बसलं. मग दुसरं, मग खालपर्यंत सगळी. प्रत्येक बटणाला सहा-सहा टाके, टोकं कापलेली, ओळ सरळ. हरेश्वरने तो शर्ट घालून आरशासमोर इकडून तिकडून पाहिला. भीमराजने त्याची पाठ थोपटली. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून आम्लेट केलं आणि आयुष्यात आणखी काय काय करता येईल यावर चर्चा केली.

आता उरले वीसेक शर्ट, आणि खालच्या मजल्यावर भाऊराव.

भाऊराव सोसायटीचे सेक्रेटरी. महापालिकेतून निवृत्त झाल्यापासून सोसायटीच्या उपविधींचं पुस्तक त्यांच्या उशाशी असे. तिसऱ्या संध्याकाळी हरेश्वरच्या दाराच्या कडीत घडी घातलेला कागद आला: 'सदनिका क्र. ७ मध्ये शिवणयंत्राच्या साहाय्याने व्यावसायिक स्वरूपाचे उत्पादन चालू असल्याचे कार्यालयाच्या निदर्शनास आले आहे. तरी खालच्या मजल्यावरील सभासदाचे ना-हरकत पत्र मिळेपर्यंत सदर काम बंद ठेवावे.' खालच्या मजल्यावरचे सभासद म्हणजे भाऊराव. हरेश्वर सरकारी माणूस, कागदाला कागदाने उत्तर द्यायचं असतं हे त्याला रक्तातून माहीत. त्याने रीतसर अर्ज लिहिला, 'सदर काम घरगुती व विनामोबदला असून वैवाहिक स्वरूपाचे आहे', आणि खाली जाऊन स्वहस्ते दिला.

भाऊरावांनी अर्ज दोनदा वाचला. "वैवाहिक म्हणजे? तुमचं लग्न झालंय."

"मेहुण्याचं आहे."

"मग तसं लिहा. आणि पाहणी करावी लागेल." पाहणीला ते आले ते आपला एक जुना शर्ट घेऊन, ज्याची वरची तीन बटणं नव्हती. "नमुना म्हणून," ते म्हणाले. हरेश्वरने नमुना लावून दिला, भाऊरावांनी जागच्या जागी ना-हरकत लिहिली आणि खाली सही करून स्वतःलाच एक प्रत ठेवली.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण रविवारी सोसायटीची सभा होती. भाऊराव तोच शर्ट घालून आले आणि पाण्याच्या टाकीच्या विषयावर बोलायला उभे राहिले. त्यांना टाकीच्या विषयावर छाती भरून येते. पहिलं बटण त्यांच्याच चहाच्या कपात पडलं. दुसरं खजिनदाराच्या वहीवर. तिसरं कुठे गेलं ते सापडलं नाही, पण भाऊराव मागे वळून हरेश्वरकडे बघत होते आणि त्यांचा गंजी सगळ्या सभासदांना दिसत होता. सभेच्या वृत्तांतात याची नोंद नाही. तरी सोसायटीतली बाकीची माणसं आठवडाभर हरेश्वरला जिन्यात भेटली की स्वतःची बटणं चाचपायची.

हरेश्वर सभेतून घरी आला तो पलंगावर आडवा झाला. त्याला भाऊरावांचं काही नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे वेसाव्याचा मांडव होता. वीस माणसं नाचताहेत, फोटोग्राफर समोर उभा आहे, बटणं पाऊस पडल्यासारखी पडताहेत आणि सोनूबाई मांडवातून उठून चालल्या आहेत. एक काम आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला दिलं, आणि त्याची अशी वाट लागणार. मग उरलेल्या सगळ्या लग्नांत खुर्ची. नातवंडांच्या लग्नातही खुर्ची.

"दोरा कच्चा आहे," भीमराजने निदान केलं. "मशीनचा दोरा शिवणीला ठीक. बटणाला दोरा असा पाहिजे की माणूस तुटेल पण दोरा तुटणार नाही."

असा दोरा कुठे मिळतो हे हरेश्वरला सांगावं लागलं नाही. तो कोळ्याचा मुलगा होता. कचेरी सुटल्यावर तो थेट वेसाव्याला गेला, बायकोला न भेटता मागच्या अंगाने जाळ्यांच्या खोपटात शिरला. भिकाजी जाळं सांधत बसले होते.

"मामा, बारीक नायलॉनचं एक रीळ पाहिजे होतं. गॅलरीत कपडे वाळत घालायला."

भिकाजींनी जावयाकडे पाहिलं, मग रिळाकडे पाहिलं, आणि रीळ काढून दिलं. तो निघाला तेव्हा एवढंच म्हणाले, "हा धागा काय तुटायचा नाय. मोठी सुरमय लागली तरी."

नायलॉनने काम फत्ते केलं. जाड सुई घातली, मशीनचा पेच सैल केला, आणि एका चिंधीवर बटण लावून भीमराजने ते पकडीने ओढून पाहिलं. चिंधी फाटली, बटण आणि धागा जागच्या जागी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हरेश्वरचा स्वतःचा शर्ट मात्र साध्या दोऱ्याचा होता. त्याला तो उसवून पुन्हा लावावा असं भीमराजने सुचवलंही, पण पहिल्या यशाला हात लावायचं हरेश्वरच्या जिवावर आलं.

आता अडचण एकच उरली. बटण काजाच्या समोर येईना. खडूने खूण करावी तर टेरीकॉटवर खडू टिकत नाही. पेन्सिलने करावी तर मोरपिशी रंगावर दिसत नाही. दोन शर्टांना बटणं लावली ती काजापेक्षा अर्धं बोट खाली आली, आणि शर्ट लावला की एक कोपरा मांडीवर नि दुसरा बेंबीवर. दोन्ही पुन्हा उसवले. लग्न येऊन ठेपलं होतं. त्या दिवशी हरेश्वर कचेरीत बसून फाइलीला कागद लावत होता. दोन कागद घेतले, कडेला कड जुळवली, पंचिंग मशीन एकदाच दाबलं. दोन्हीला भोक बरोबर समोरासमोर. तो तसाच थांबला. गेली बारा वर्षं हे काम तो करत होता आणि त्याचं महत्त्व त्याला आज कळलं.

संध्याकाळी त्याने शर्ट टेबलावर पसरला. उजवी पट्टी खाली, डावी पट्टी वर, कडेला कड बरोबर. वरच्या काजावर बटण ठेवलं, यंत्राखाली सरकवलं, आणि पाय मारला. खट् खट् खट्. चुकायला जागाच नव्हती. बटण काजावर म्हणजे काजावरच. बाकीची त्याच शर्टाची, मग पुढचा शर्ट. भीमराज एकेक शर्ट घेऊन इस्त्री मारत होता, दुकानातल्यासारखी घडी घालत होता. सगळे शर्ट बटणं लावलेले, कॉलर ताठ, मोरपिशी थर वर वर चढत गेला.

"काय रे फिनिश आली आहे," भीमराज म्हणाला. "रेडीमेडवाले बघतील तर पाया पडतील."

वाचकांपैकी ज्यांनी कधी बटण लावलं असेल त्यांच्या लक्षात गोष्ट आली असेल. बटण खालच्या पट्टीला लागलं होतं, आणि वरच्याही. दोन कागद, एक टॅग. पण तिथे बघणारे दोघे, एक आवक-जावक शाखेतला, एक टेलिफोन खात्यातला, आणि मंजुळा माहेरी. घडी घातलेल्या शर्टांच्या थप्पीवर हरेश्वरने हात फिरवला आणि त्याला आपल्या बापाची आठवण आली. आज ते असते तर त्यांना दाखवलं असतं, असं त्याच्या मनात आलं.

हळदीच्या दिवशी दुपारी दोघे थप्पी घेऊन वेसाव्याला गेले. सोनूबाईंनी वरचा शर्ट उचलून बटण ओढून पाहिलं. मग दुसरं. मग दोन्ही हातांनी ओढलं. त्यांच्या तोंडावर जे आलं त्याला हसू म्हणता येईल की नाही कोण जाणे, पण मंजुळेने दारातून ते पाहिलं आणि नवऱ्याकडे बघून भुवई उडवली. हरेश्वर मांडवात आला तेव्हा खुर्ची घालून ठेवलेलीच होती. तो तिच्यात बसला नाही, उभा राहिला.

साधारण अर्ध्या तासाने आतून चंदरचा आवाज आला. "भावोजी, जरा इकडे या."

खोलीत सगळे पुरुष गंजीवर उभे होते, प्रत्येकाच्या हातात मोरपिशी शर्ट.

"हे उघडतं कसं?" चंदरने विचारलं.

"कसं म्हणजे? बटण काजातून—" हरेश्वरने शर्ट घेतला आणि बटण काजातून काढायला गेला. बटण हललं नाही. त्याने खालून बघितलं, वरून बघितलं. आणि मग त्याला ते पंचिंग मशीन आठवलं. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते कसं पळतं, हे त्याला त्या क्षणी जिभेवर कळलं.

भीमराजने ब्लेड मागवलं. नायलॉन ब्लेडला दाद देईना, आणि दिली तेव्हा कापडाला घेऊन दिली. एका चुलत मेहुण्याच्या शर्टाला मध्येच डोळ्याएवढं भोक पडलं. बाहेर बँजोवाले सूर लावत होते. बायका हळदीच्या ताटांनिशी येऊन उभ्या होत्या. सोनूबाई दार ढकलून आत आल्या, त्यांनी शर्ट हातात घेतला, पट्टी दोन बोटांत धरून पाहिली, आणि खोलीतल्या एकेकाकडे नजर फिरवून शेवटी हरेश्वरवर थांबवली. तो कुठेतरी गडप व्हायला जागा शोधत होता, पण खोली लहान होती.

"डोक्यावरना घाला," सोनूबाई म्हणाल्या.

"आये, झबल्यासारखं?"

"झबल्यावानी घाला. गला मोठा हाय. चला."

बुशशर्टाला गळ्याशी बटण नसतं, हीच काय ती देवाची कृपा. सडपातळ होते ते कान सोलून का होईना आत गेले. पण भिकाजी अडकले. दोन्ही हात वर, डोकं आत, पोट बाहेर, आणि शर्ट छातीच्या वर घट्ट बसलेला. आतून त्यांचा आवाज येत होता पण शब्द समजत नव्हते. उभ्या आयुष्यात ते एवढं बोलले नव्हते. दोन माणसांनी खालून ओढलं, हरेश्वरने खोबरेल ओतलं, सोनूबाईंनी नवऱ्याच्या पोटावर तळहात ठेवून "श्वास सोडा" म्हटलं, आणि शर्ट खाली आला. भिकाजींचं डोकं वर आलं तेव्हा केस सगळे उभे होते. त्यांनी जावयाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कपरे वाळत घालाला?"

हरेश्वर कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. आपण आता घरी जावं, मंजुळेला निरोप पाठवावा, असं त्याच्या मनात चाललं होतं. पण भीमराजने त्याच्या दंडाला धरलं. "मी निम्मा गुन्हेगार आहे," तो म्हणाला. "मी पळणार नाही. तूही पळू नकोस." आणि त्याने हरेश्वरला ढकलत मांडवात आणलं.

बँजो सुरू झाला. हळद उधळली गेली. एप्रिलची ती वेसाव्याची संध्याकाळ, वारा पडलेला, आणि नाच चढत गेला. ठरल्या वेळी, म्हणजे घाम डोळ्यांत उतरल्यावर, घरातल्या सगळ्या पुरुषांचे हात सवयीने छातीवर गेले. बोटं बटणांना भिडली. नखं लागली. दात लागले. एक बटण हललं नाही. नाचत नाचत शिव्या घातल्या गेल्या, त्यातल्या बऱ्याच आवक-जावक शाखेच्या नावाने होत्या, पण बटणं जिथल्या तिथे. कुणीतरी हरेश्वरला हाताला धरून मध्ये ओढलं. शिक्षा म्हणून ओढलं असावं. पण एकदा पाय हलले तसे थांबेनात. भीमराजला पायमशीनवर न दिसलेली ती लय कुठून आली कोण जाणे, हरेश्वर असा नाचला की मंजुळेने हातातलं ताट खाली ठेवलं आणि बघत राहिली. तो नाचत असताना त्याच्या शर्टाचं पहिलं बटण हळदीच्या वाटीत पडलं. दुसरं बँजोवाल्याच्या मांडीवर. बाकीची कुठे गेली हे शोधायला त्याला सवड नव्हती.

तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, सगळ्यांनी एका ओळीत या.

लग्न झालं, नवी नवरी घरात रुळली, आणि कुणी वेसाव्याहून काही बोललं नाही. हरेश्वर तिकडे जायचं टाळत होता. मंजुळा काही विचारत नव्हती, तेही बरं लक्षण नव्हतं. मग एका रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात सोनूबाई उभ्या होत्या, डोक्यावर पाटी, पाटीत पापलेटं, आणि काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. या घरी त्या फार तर दोनदा आल्या असतील.

हरेश्वरने लगबगीने खुर्ची पुढे केली. त्या खाली जमिनीवर बसल्या, तेव्हा तोही खाली बसला. त्यांनी कागद सोडला. आत फ्रेम होती.

फोटोत घरातले वीसेक पुरुष ओळीने उभे होते. हळदीने माखलेले, घामाने चिंब, केस विस्कटलेले, भिकाजींचे तर अजून उभेच. आणि एकूण एक शर्ट वरपासून खालपर्यंत लावलेला. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं उभी करावीत तशी माणसं दिसत होती. एकाच्या छातीचा तेवढा पत्ता लागत होता, सगळ्यात उजवीकडच्या. त्याचा शर्ट बेंबीपर्यंत उघडा, गंजीला भोक, दोन्ही हात हवेत. तो हरेश्वर होता. त्याच्या मागे, मांडवाच्या खांबाला टेकून, एक लोखंडी खुर्ची रिकामी पडली होती.

"आई, ते शर्टाचं," हरेश्वर म्हणाला, "मी म्हणजे मुद्दाम—"

"मना काय येडी समजलास?" सोनूबाई म्हणाल्या. "जाल्याचा नायलॉन मी वलखते. तुजी चूक झाली."

"हो."

"भावकीन चार बायका इचारून गेल्या, तुज्या जावयानी काय युक्ती केली. मी बोलली, त्याचा त्याला म्हाईत." त्यांनी पाटीच्या तळातून आणखी एक गाठोडं काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. आत कापड होतं, डाळिंबी रंगाचं, वीस शर्ट तरी निघतील एवढं. "दिवालीनंतर चंदरच्या चुलतभावाचा लगीन हाय. राजारामकडना शिवून घे. बटना तू लाव. अशीच चूक कर."

मंजुळा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराने तोंड दाबत होती. हरेश्वरने गाठोडं छातीशी धरलं आणि मान हलवली.

सोनूबाई उठल्या, पाटी सावरली, दारापर्यंत गेल्या. खालून भाऊरावांच्या घराचं दार उघडल्याचा आवाज आला. मासळीच्या वासाची नोंद होत असावी. सोनूबाई वळल्या आणि फोटोतल्या उजवीकडच्या माणसाकडे बोट केलं.

"आन ह्या येड्याचा शर्ट पयला शिव," त्या म्हणाल्या. "नायलॉननी."